शुक्रवारचा पूरिया धनाश्री

कुंदा, कामतघरच्या नाक्यावर तुझा फ्लेक्स लागला आहे. तुझा म्हणजे म्हणायला तुझा. बहुतेक जागा संगीत मंडळाच्या अध्यक्षांनी घेतली आहे. पांढरा सफारी, जोडलेले हात, आणि चेहऱ्यावर असं दुःख की फोटोग्राफरनं 'साहेब, थोडं अजून' म्हणून सांगितलं असावं. खाली कार्यकारिणीचे चेहरे ओळीनं. तू वरच्या कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढी. फोटोही कुठल्यातरी सहलीच्या ग्रुपमधून कापलेला; तुझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला आहे. तो माझा आहे.

'भिवंडीचा सूर हरपला' असं वर लिहिलंय, आणि त्याहून मोठ्या अक्षरात खाली त्याचं नाव. ते नाव मी इथं लिहिणार नाही. छापून आलेलं त्याला फार आवडतं.

परवा रिक्षा त्या फ्लेक्ससमोर अडकली. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, ये कौन नेता गुजर गया?"

"नेता नहीं, भैया. गानेवाली. वो ऊपर कोने में."

"अच्छा! मैं समझा ये साहब गुजर गए."

"अभी नहीं," मी म्हटलं.

तुझा जन्म, शिक्षण, सेवाकाळ हे सगळं पेपरात आलं आहे. निम्मं चुकीचं, निम्मं कंटाळवाणं. मी त्यात पडत नाही. मी तुला परवाच्या शोकसभेचं सांगायला बसले आहे. पण हे तुझ्याशिवाय इतरही वाचतील, म्हणून त्या शुक्रवारपासून सांगायला हवं. तुला तो पाठ आहे. तरी ऐक. भर घालायची सवय तुला होतीच, ती आता चालणार नाही.

आपली ओळख वाचनालयातली. मी काउंटरच्या आत, तू बाहेर. संगीतावरचं एक जाडजूड पुस्तक परत करताना तू म्हणालीस, "स्वरांचं वर्णन फार सुंदर केलंय. लेखकानं ते ऐकलेले दिसत नाहीत." त्या एका वाक्यावर मी तुला मैत्रीण करून घेतलं. तू शाळेत गाणं शिकवायचीस, संध्याकाळी घरी शिकवण्या. मला गाण्यातलं काही कळत नाही हे तू लगेच ओळखलंस. "विजे, तुला ताल कळत नाही, पण ढोंग बरोबर कळतं. मैफलीला माझ्या शेजारी बसत जा. कोण खोटी मान हलवतंय ते मला सांग." मग कितीतरी वर्षं मी तेच केलं. गाणं तू ऐकायचीस, माना मी बघायचे.

तुझ्या घरामागं लूमचा कारखाना. दिवसरात्र खटखट. मी वैतागायचे, तू म्हणायचीस, "ह्यांची लय बघ, कधी ढळत नाही. फक्त समेवर येत नाहीत." लाइट गेली की माग थांबायचे, पंखेही थांबायचे, अख्खी गल्ली घामानं शिव्या घालायची, आणि तांदळाच्या डब्यावरचा तुझा सेलवरचा ट्रान्झिस्टर अचानक मोठा झाल्यासारखा वाटायचा. "हां, आता ऐक," असं म्हणून तू मेथी निवडायला घ्यायचीस. लोडशेडिंगची वाट बघणारी बाई भिवंडीत तू एकटीच.

दिवाळीच्या अलीकडे रेडिओवर शास्त्रीय संगीताचा आठवडा असायचा. सकाळ-संध्याकाळ मोठमोठे गवई, आणि संध्याकाळी बातम्यांच्या आधीची वेळ आपल्या भागातल्या नव्या कलाकारांना. त्या आठवड्यात तुझ्या घरी खिचडीशिवाय काही शिजायचं नाही. आयुष्यातले कितीतरी असे आठवडे तू त्या ट्रान्झिस्टरपुढं घालवलेस, दुसऱ्यांचं ऐकत.

ह्या साध्या आठवड्याचा 'सप्ताह' केला तो अध्यक्षांनी. त्यांची जवळच्या पूर्णे गावात भातशेती होती. तिथं गोदामं उभी राहिली, आणि शेतात जाण्याचं काम संपल्यावर त्यांना संस्कृती सुचली. त्यांनी संगीत मंडळ काढलं. गावोगाव हरिनामाचा सप्ताह बसतो, तसा ह्यांनी रेडिओचा बसवला. हॉलच्या स्टेजवर चौरंग, त्यावर लाल कापड, त्यावर रेडिओ, रेडिओला झेंडूचा हार. समई, नारळ, उदबत्ती. चपला स्टेजखाली. शेवटच्या दिवशी शिऱ्याचा प्रसाद. रेडिओ आधीच बारीक आवाजात लावून ठेवलेला असायचा, आणि प्रमुख पाहुण्यांनी पुढं होऊन आवाजाचं बटण फिरवायचं, ह्या विधीला पत्रिकेत 'स्वरोद्घाटन' म्हटलेलं असे. पूजा झाल्यावर त्या बटणाला पाहुण्यांखेरीज कुणी हात लावायचा नाही.

पहिल्या वर्षी आपण मागच्या रांगेत बसून हसून बेजार झालो. उदबत्तीचा धूर सरळ स्पीकरच्या जाळीत शिरत होता. तू माझ्या कानात म्हणालीस, "निषाद काळा पडेल गं." तेव्हा ते सगळं गमतीचं वाटलं. त्या हाराची गाठ एक दिवस तुझ्याच गळ्याशी बसेल असं दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही.

रेडिओच्या परीक्षेत तू कितीदा नापास झालीस ते मला कधी नीट सांगितलं नाहीस. केस पिकायला लागल्यावर पास झालीस, आणि पुढच्याच वर्षी त्या आठवड्यासाठी बोलावणं आलं. मुंबईला जाऊन रेकॉर्डिंग करून आलीस ती घरी न जाता थेट वाचनालयात. मला वाटलं पेढे आणलेस. तू काउंटरवर वाकून विचारलंस, "विजे, पंचम पडला असेल का गं?"

"मला काय विचारतेस? मला पंचम दाखवलास तरी ओळखणार नाही."

"पूरिया धनाश्रीत सगळं पंचमावर येऊन टेकतं. तिथं माणूस घसरला की संपलं. स्टुडिओत एसी होता, घसा आखडला. विलंबितातला पहिला पंचम खाली लागला असं वाटतंय."

"रेकॉर्डिंगवाल्याला विचारायचंस."

"तो फर्स्टक्लास म्हणाला. तो सगळ्यांनाच म्हणतो."

"मग वाजेल तेव्हा कळेल."

प्रसारण आलं शुक्रवारी. तू किती खूश झालीस! शुक्रवारी कारखाने बंद. "बघ नशीब. माग बंद, पहाटेपासून सगळं गाव गप्प. माझा श्वाससुद्धा ऐकू येईल."

अध्यक्षांनी आवाहन काढलं: आपल्या गावची कन्या, आपल्या हॉलमध्ये ऐकू या, कृपया घरी रेडिओ लावू नये. लोक भाबडे. ज्यांनी ज्यांनी तुला घरी बसून ऐकलं असतं, ते सगळे घरचे रेडिओ बंद करून हॉलवर आले. तुझ्या शाळेच्या बाया आल्या, शिकवणीच्या मुली आल्या. खारबावहून तुझा भाऊ काशिनाथ अख्खा टेम्पो भरून माणसं घेऊन आला. तुझ्या आईला पहिल्या रांगेत बसवलं.

तुझी आई तिच्या भागातली नावाजलेली धवलारीण. तुमच्यात लग्न लागतं ते तिच्या धवल्यावर; ती गायला लागली की हळद, तांदूळ, माणसं सगळं तिच्या तालावर चालतं. तुझं शास्त्रीय तिला कधी पटलं नाही. "आ आ करतंस, पुढं काय न्हाय," असं ती म्हणायची. त्या दिवशी मात्र नवं लुगडं नेसून आली होती. तू मला म्हणालीस, "रागाचं नाव तिला सांगू नकोस. नुसतं ऐकू दे." तुझी खरी परीक्षा ती होती. रेडिओची नव्हे.

तुला स्टेजवर बसवलं. खांद्यावर शाल, मांडीत नारळ. मी माझा टू-इन-वन घेऊन आले होते. तो स्टेजच्या कडेला, चौरंगासमोर ठेवला, कोरी कॅसेट घातली आणि त्याला लागूनच, पहिल्या रांगेत तुझ्या आईजवळ बसले. अध्यक्ष बोलायला उठले. पाहुण्यांच्या स्वरोद्घाटनाआधी त्यांचे दोन शब्द होते.

त्या माणसाचे दोन शब्द तू आणि मी पुष्कळ ऐकले आहेत. पण त्या दिवशी तो फुलला होता. संगीत म्हणजे काय, हे त्यानं विचारलं आणि सांगितलं. आमच्या शेतात आता भात पिकत नाही, पण मनात सूर पिकतात, असं म्हणाला, टाळ्या आल्या. टाळ्या आल्यावर तो पुन्हा मागं जाऊन तेच बोलला. चौरंगावरच्या रेडिओतून निवेदिकेनं तुझं नाव घेतलं. ते तू ऐकलंस, मी ऐकलं, बहुतेक समईनं ऐकलं. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. तंबोरे सुरू झाले. तो बोलतच होता.

मी उठले. चौरंगापाशी पोचायच्या आत मंडळाचे दोघे आडवे आले. "बाई, चप्पल!"

"अहो, तिचं गाणं सुरू झालंय. आवाज वाढवा."

"पूजा झालीय बाई. पाहुणेच वाढवतील. साहेबांचं होऊ द्या."

मी तुझ्याकडे बघितलं. तू मान हलवलीस, बस म्हणून. सत्काराला बसवलेली बाई; शाल पांघरून, नारळ सांभाळून, स्वतःच्या गाण्यापासून हाताच्या अंतरावर. तू नंतर म्हणालीस, "मला ऐकू काही येत नव्हतं गं. मी गातेय एवढंच कळत होतं."

अध्यक्ष आटोपले तेव्हा पाहुण्यांना कुणीतरी हलवलं. ते उठले, रेडिओला नमस्कार केला, बटण फिरवलं. स्पीकर गरजला: आताच आपण ऐकलंत... आणि तुझं नाव. हॉल टाळ्यांनी दणाणला. टाळ्या थांबल्या तेव्हा बातम्या लागल्या होत्या. तुला उभं राहून नमस्कार करायला सांगितलं आणि तू केलास. तेवढं मात्र मी तुला अजून माफ केलेलं नाही.

हॉलच्या पायऱ्यांवर तुझ्या आईनं माझा दंड धरला. "ह्याचे लगनान धवले मीच गायलेले," ती अध्यक्षांच्या गाडीकडे बघत म्हणाली. "तवा कसा गप बसला व्हता, मुंडी खाली घालून. आमच्यान धवला चालू झाला का नवऱ्याचा बापूस पन तोंड उघडत न्हाय. आन ह्यो?" मग तुझ्याकडे वळून, अगदी हळू, "कुंदे, मना काय ऐकाला आला न्हाय गो."

रेडिओवाल्यांनी ते पुन्हा लावलं नाही. तुझी आई पुढच्या पावसाळ्यात गेली. हे दोन्ही मी त्या माणसाच्या नावावर मांडलेलं आहे. त्यानं कुणाला मारलं नाही, खरं आहे. तो नुसता बोलला.

कॅसेट घेऊन मी दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आले. "भाषणाखालून काहीतरी आलं असेल. लावू?"

"नको."

"निदान पंचम—"

"त्याच्या भाषणाखालून मला नाही ऐकायचं स्वतःला. आणि तूही ऐकू नकोस. ऐकलंस की तुझ्या तोंडावर मला दिसेल."

"मग हिचं करायचं काय? लोणचं?"

तू बराच वेळ ट्रान्झिस्टरचे सेल काढून पुसत बसलीस. मग म्हणालीस, "तो गप्प बसेल ना, तेव्हा लाव."

मी कॅसेटच्या कडेच्या दोन्ही चकत्या तोडून टाकल्या, म्हणजे वर चुकून काही भरलं जाऊ नये. मग ती कपाटात पडून राहिली. तुझा पंचम मात्र कपाटात राहिना. ठाण्याच्या तुझ्या गुरुभगिनीनं तो कार्यक्रम घरी ऐकला होता. तू तिला फोन केलास. ती म्हणाली, छान झालं. तू रिसीव्हर आपटलास. "छान म्हणजे पडला. पडला नसता तर तिनं खोट काढली असती." त्यानंतर मध्येच, भाजी चिरताना, बँकेच्या रांगेत, कुणाच्या तरी बारशाला तू विचारायचीस, "पडला असेल का गं?" मी म्हणायचे, "लावू कॅसेट?" तू म्हणायचीस, "गप्प बसला का तो?" नसायचा. नगरपालिकेत, शाळेत, गणपतीत, सगळीकडे तो बोलत होता.

आपलं खरं भांडण झालं ते शैलावरून. अध्यक्षांची बायको तुझ्याकडे शिकायला आली, आणि तू तिला हो म्हणालीस. वर तिच्या घरी जाऊन शिकवायला लागलीस. मी तुला काय काय बोलले! लाचार म्हणाले. शाल फुकट नव्हती म्हणाले. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "तिनं काय केलंय?"

"त्याच्या घरात बसून गातेस कुंदा! तो शेजारच्या खोलीत फोनवर बोलत असतो."

"असतो ना. मी शैलाला तेच सांगते. तंबोरा लाव आणि त्याचा आवाज बाजूला काढायला शीक. कान तयार होतो."

मला तो तुझा मवाळपणा वाटला. मी सूडाची पुस्तकं पुष्कळ वाचलेली. माझ्या डोक्यात सूड म्हणजे भर सभेत उभं राहून केलेली गोष्ट. तुझ्यासारखी सा लावून बसलेली बाई त्यात बसत नव्हती. ह्या भांडणाचा निकाल लावायचा राहिला, आणि तू गेलीस. पंधरवडाही झाला नाही. दवाखान्यात शेवटी तुझ्या उशाशी मॉनिटर टिकटिकत होता. तू डोळे मिटून म्हणालीस, "बेताल आहे." मी हसले. नर्सला वाटलं मला धक्का बसलाय.

तर परवाची शोकसभा.

हॉल तोच. स्टेज तेच. चौरंगावर ह्या वेळी रेडिओऐवजी तू होतीस, आणि हार तसाच झेंडूचा. वार शुक्रवार नव्हता. मागच्या गल्लीत लूम चालू होते. काशिनाथ पहिल्या रांगेत, तुझी आई बसली होती त्याच जागी. शैला बायकांच्या बाजूला, पांढऱ्या साडीत. मी पिशवीत माझा जुना टू-इन-वन आणला होता. त्याचं झाकण आता रबरबँडनं बांधावं लागतं.

आधी इतरांनी दोन दोन शब्द वाहिले. मग अध्यक्ष. कुंदा, मी खरं सांगते, तो माणूस तुझ्याबद्दल बरं बोलला असता, एकदा चुकलं म्हणाला असता, तर मी पिशवी उघडलीच नसती. पण तो म्हणाला, "तो शुक्रवार मी कसा विसरू? तो स्वर! अजून माझ्या कानांत घुमतो आहे." त्यानं डोळेही पुसले. पुढं जाहीर केलं की ह्या वर्षीपासून रेडिओचा सप्ताह तुझ्या नावानं होईल, आणि पहिलं पुष्प म्हणून दर वर्षी तो स्वतः तुझ्या आठवणी सांगेल. दर वर्षी. तुझ्या नावावर. तो जिवंत असेपर्यंत तुझ्या गाण्यावर बोलत राहणार होता, आणि तुझं गाणं कुणीच ऐकलेलं नव्हतं.

मला दोन शब्दांसाठी बोलावलं. मी माइकपाशी गेले आणि म्हटलं, "मी बोलणार नाही. अध्यक्षांच्या कानात जो स्वर घुमतोय, तो सगळ्यांना ऐकवते."

माइक टू-इन-वनच्या तोंडाशी धरला आणि बटण दाबलं. त्यात तू असशील की नाही, मला माहीत नव्हतं. तुला दिलेला शब्द पाळून मी ती कधी ऐकली नव्हती.

खरखर. मग त्याचा आवाज. "...तर संगीत म्हणजे काय?"

आणि कुंदा, तो खुर्चीत जरा सावरून बसला! स्वतःचा आवाज ऐकून त्याचा चेहरा उजळला. त्यानं मान डोलावली. इतक्या वर्षांत मी पाहिलेली ती पहिली खरी मान. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कॅसेटमध्ये तो म्हणाला, "मी तुमची दोनच मिनिटं घेणार आहे," आणि मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. मग भाताचं आणि सुरांचं आलं. मग टाळ्या. मग पुन्हा भाताचं. आता उघड हसू पसरलं, आणि त्याच्या भाषणाखालून, जमिनीखालून पाणी वाहावं तसं, काहीतरी येत होतं. तुझ्या शिकवणीतली एक मुलगी उभी राहिली. "बाईंचा आवाज," ती म्हणाली. हसू थांबलं.

अध्यक्ष उठले. "विजयाताई, हे जरा योग्य वाटत नाही. प्रसंग काय, आपण—"

"बसा हो."

हे मी म्हटलं नाही. शैला म्हणाली. जागेवरून न उठता, आवाज न चढवता. पण स्वर असा लावला होता की मागच्या भिंतीपर्यंत गेला. तो कुणी शिकवलेला होता हे मला त्या क्षणी कळलं.

"अगं, पण हे लोक—"

"बसा. त्यांचं गाणं चाललंय."

तो बसला. त्याच वेळी कॅसेटमधला तो अडखळला. त्या शुक्रवारी मध्येच माइक बंद पडला होता, मी विसरूनच गेले होते. हॅलो, हॅलो, टकटक, आणि मग तो माइकवाल्याची वाट बघत थांबला. त्या फटीत तू आलीस. लूम खटखटत होते म्हणून सगळा हॉल पुढं वाकला होता. विलंबित. तू सावकाश वर चढत होतीस, एकेक पायरी चाचपत. आणि अगदी जवळून, टेपच्या तोंडाशी बसलेली तुझी आई बोलली, "कुंदे, तुजा गाना कवा हाय गो?"

काशिनाथनं तोंडावर रुमाल धरला. "आयचा आवाज," तो म्हणाला. "आय हाय त्याच्यान."

आईच्या त्या प्रश्नावरच तू पंचमाला पोचलीस, हे मला शैलानं नंतर सांगितलं. मग माइक चालू झाला आणि तो पुन्हा बोलायला लागला. पण आता त्याचं कुणी ऐकत नव्हतं. सगळे त्याचा आवाज बाजूला काढून खालचं ऐकत होते. कॅसेट संपून बटण खट्कन वर येईपर्यंत हॉलमध्ये कुणी हललं नाही. आभारप्रदर्शन अध्यक्षांचं होतं. ते झालं नाही.

तुझा सूड माझ्यापेक्षा लांबचा होता, कुंदा. तू त्याच्या घरात एक कान तयार करून ठेवलास. लाचार हा शब्द मी परत घेते. बाकीचं भांडण तसंच ठेवते. नमस्कार करायला नको होतास.

काल सकाळी त्याचा फोन आला. आवाज बसलेला. "विजयाताई, ती कॅसेट मंडळाच्या संग्रहाला द्याल का?"

"मंडळाचीच समजा. तिच्यात बहुतेक वेळ तुम्हीच आहात."

"तेवढा भाग कट करून घेता येईल, नाही का? आता मशीन आलीत."

"मशीन आलीत. पण तुमच्याखाली ती आहे. तुम्हाला काढलं तर तीही जाईल. तुम्ही राहणार आता."

मी ती देणार नाही. सप्ताह तुझ्या नावानं करायचा तर करू दे. त्यातल्या शुक्रवारी भाषण होणार नाही, हीच कॅसेट लागेल. शैलानं मंडळाच्या बायकांकडून तसं कबूल करून घेतलंय. दर वर्षी तो पहिल्या रांगेत बसून स्वतःला ऐकेल. बटण मी फिरवणार आहे. चप्पल घालून.

आणि तुझा प्रश्न. मला कळणार नाही म्हणून सभेनंतर शैलाला बाजूला घेतलं आणि विचारलं, खरं सांग. तुझीच शिष्या, छान म्हणाली नाही. पहिला पंचम उतरला होता, कुंदा. केसाएवढा, पण उतरला होता. तुझं बरोबर होतं. दुसऱ्यांदा आलीस तेव्हा नेमका लागला. तो त्याच्या भाषणाखाली आहे, पण आहे, आणि ती म्हणाली त्यावर तू थांबलीसही.

आणि हो, तो गप्प बसला होता. लावल्यावर का होईना.